फळ्यावरच्या गणिताचा पंचनामा

मी फळ्यावर सोडवलेल्या गणिताचा आजवर एकाच माणसाने पंचनामा केला आहे. अगदी खराखुरा पंचनामा. फुलस्केप कागद, वर तारीख, मग 'समक्ष पाहणी करता असे आढळून आले की', आणि तळाशी पंचांच्या सह्या. पंच म्हणून पहिल्या बाकावरच्या दोन मुलींना उभं केलं होतं. पंचनामा करणारे गृहस्थ म्हणजे आत्माराम मोहिते, वय चौसष्ट, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त, आणि सध्या माझ्या एस.वाय.बी.एस्सी.च्या वर्गात शेवटच्या बाकावर मुक्कामाला.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाला गणिती पद्धतींचा एक पेपर असतो, त्यात संमिश्र संख्या येतात. उणे एकचं वर्गमूळ घ्यायचं, त्याला i म्हणायचं आणि त्याच्या जोरावर विजेची सर्किटं सोडवायची. मुलं हे सगळं मुकाट्याने उतरवून घेतात. 'असं का' म्हणून कोणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला सोयीचंच होतं.

मोहिते आले ते अर्ज घेऊन. 'वर्गात बसून ऐकण्याची परवानगी मिळणेबाबत.' कारण: 'खाजगी'. मला तिथेच शंका आली. चौसष्टाव्या वर्षी माणूस खाजगी कारणासाठी डॉक्टरकडे जातो, वकिलाकडे जातो. संमिश्र संख्यांकडे जात नाही. त्यात ते वहीत कार्बन पेपर घालून लिहायचे. प्रत्येक तासाच्या दोन प्रती! हा माणूस माझ्या नोट्स कुठल्यातरी क्लासवाल्याला पुरवतो, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं.

प्राचार्यांची शंका आणखी वरची. मोहित्यांनी पहिल्याच दिवशी खिशातून टेप काढून व्हरांड्याची रुंदी मोजली, आणि प्राचार्यांनी ठरवलं की हा तपासणी समितीने गुपचूप पाठवलेला माणूस. परवानगी मिळालीच, वर केबिनमध्ये तीन वेळा चहाही मिळाला. मोहित्यांनी तो तिन्ही वेळा आधी हुंगून घेतला.

त्यांचा स्वभावच तसा. बाजारात बांगडे घेताना वरचे कधी घेणार नाहीत, टोपलीच्या तळाचे काढायला लावतील. ते ताजे निघाले की आणखी संशय. "ताजे हायत तर तळाला कशाला घातलेस गो?" एकदा आंब्याची पेटी पावस गावची म्हणून घेतली, तर दुसऱ्या दिवशी त्यातला एक आंबा खिशात घालून पावसला गेले आणि बागेत उभं राहून तो झाडावरच्या आंब्याला लावून बघितला. "पस्तीस वर्षं लोकांच्या बांधावर काढली मॅडम. जो तो आपली हद्द सांगतो. साखळी टाकल्याबिगर मी कोणाचं ऐकलं नाय." आणि कोणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न: "कशावरून?"

वर्गात त्यांचं खरं वैर 'समजा' या शब्दाशी. "समजा, x बरोबर दोन," असं मी म्हटलं की मागून आवाज, "समजायचा कशाला? मोजून बगूया." ज्या दिवशी i आला त्या दिवशी तर ते उभेच राहिले.

"मॅडम, ही संख्या काल्पनिक, असं पुस्तकातच छापलंय. मग खऱ्या तारेतला खरा करंट हिच्यावर कसा काढता? जागेवर दाखवा."

वर्ग खिदळला. मी चिडले आणि तास गुंडाळला. घरी गेल्यावर कळलं की मी चिडले होते, कारण मला ते जागेवर दाखवता येत नव्हतं.

पुढच्या तासाला मीच त्यांना विचारलं, "शेत कसं मोजता तुम्ही?"

"मधून एक सरळ रेघ टाकायची. तिच्यावरून चालत जायचं. बांधाचा कोपरा बाजूला असला, की रेघेशी काटकोन करून तितकं आत शिरायचं. रेघेवर किती नि बाजूला किती, दोन आकडे लिवायचे."

"मग तो बाजूचा आकडा काल्पनिक असतो?"

"कसा असेल ओ? मी काट्यांतून चालत गेलेला असतो!"

"तोच i. रेघ सोडून काटकोनात वळायचं, एवढंच."

मोहिते तळाचा बांगडा बघावा तसे माझ्याकडे बघत राहिले. मग दोन बाकांच्या मधे येऊन फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. "हा एक." डावीकडे वळले, तोंड खिडकीकडे. "हा आय." पुन्हा डावीकडे वळले, तोंड मागच्या भिंतीकडे, पाठ मला. "आय गुणिले आय. उलटा झालो. उणे एक." वर्गाने टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं शिकवून हे मला सुचलं नव्हतं, याचं मला थोडं वाईटही वाटलं.

पण एवढ्याने त्यांचं समाधान होतंय थोडंच. मी सर्किट मांडलं: रोध तीन, तारेच्या वेटोळ्याचा विरोध चार, मिळून पाच. "तीन नि चार सात होतात. पाच कशावरून?" त्यांनी आलेखाच्या कागदावर रेघेवर तीन सेंटिमीटर घेतले, काटकोनात चार, आणि तिरकं अंतर पट्टीने मोजलं. पाच भरले. तोच तो पंचनाम्याचा दिवस.

त्याच आठवड्यात प्राचार्यांना कळलं की मोहिते कुठल्याच समितीचे नाहीत. तीन चहा त्यांच्या जिवाला लागले. "शनिवारपर्यंत त्यांच्याकडून खरं कारण लेखी घ्या, नाहीतर सोमवारपासून वर्गात बसायचं नाही."

मी निरोप दिला. मोहित्यांचा चेहरा एकदम उतरला. "या भागाचे चार तास बाकी हायत, मॅडम. ते बुडून चालायचं नाय." मग म्हणाले, "पण कारण लिवून देणार नाय." माझा संशय आणखी घट्ट झाला.

शनिवारी ते स्टाफरूममध्ये आले. मी एकटीच होते. समोर बसले, दोनदा टेप ओढून सोडला आणि बोलायला लागले.

"माझी सुजाता याच कॉलेजात होती. नऊ वर्षांमागं, तुमच्या आधी. घरी यायला सात वाजायचे. विचारलं तर म्हणायची, लायब्ररीत बसून आय सोडवत होते. पुस्तक दाखवलंन, तर त्यात काल्पनिक संख्या. मला वाटलं, पोरगी थापा मारते."

"मग?"

"मग जागेवर आलो. वाडीतले दोन पंच घेऊन."

लेक खरं बोलते का हे बघायला पंच!

"होती बसलेली. पुस्तक उघडं. आमाला तिघांना बगितलंन. सगळ्या पोरांनी बगितलं, पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजात गेली नाय. मग लग्न झालं, मंडणगडला दिली. आता जावई म्हणतो, तिनं परत फॉर्म भरलाय नि हाच पेपर अडलाय. मला काय बोलत नाय ती. मी दर आठवड्याला ही दुसरी प्रत पोस्टानं पाठवतो. मिळाली का, काय कळत नाय. या कॉलेजात तिचं नाव माझ्यामुळं एकदा खराब झालं, परत कागदावर नको."

ज्या वहीवरून मी त्यांना चोर ठरवलं होतं ती माझ्यासमोर होती. मला माझीच लाज वाटली. कारण लिहून घ्यायला प्राचार्यांनी दिलेला कागद मी ओढून घेतला आणि कारणाच्या जागी स्वतःच लिहिलं, 'मोजणी अपूर्ण'. खाली माझी सही केली.

मोहित्यांनी खिशातून घडी घातलेला दुसराच एक फुलस्केप काढला. 'समक्ष पाहणी करता असे आढळून आले की, सदर संख्या अस्तित्वात आहे. मुलगी सांगत होती ते खरे होते. बापाने विनाकारण संशय घेतला.' तळाशी पंचांच्या दोन जागा, दोन्ही कोऱ्या.

"एका जागी तुमची सही लागेल."

मी केली. "आणि दुसरा पंच?"

"उद्या मंडणगडला जातोय. तिचीच घेईन म्हणतो." त्यांनी टेप खिशात टाकला. "दिलीन तर."

"देईल ती," मी म्हणाले.

आता 'कशावरून' येणार म्हणून मी थांबले. मोहित्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि काही न विचारता कागदाची घडी घातली.