आजोबांना ताप आलाच नव्हता!

गुन्हेगार पकडायला पोलीस कशाला हवेत? बोटातून रक्ताचा एक थेंब काढा, की गुन्हेगार आपोआप बाहेर! भिंगरीनं हे जाहीर केलं तेव्हा तिच्या हातात मेडिकलच्या दुकानातून आणलेली, अँटीबॉडी तपासायची दोन किट होती आणि चेहरा असा, की जणू नववीची पुस्तकं तिनंच लिहिली आहेत.

गुन्हा दोन वर्षांपूर्वीचा. आजोबांच्या वाढदिवसाला आत्या आली आणि तिसऱ्याच दिवशी आजोबा साथीच्या तापानं फणफणले. अठरा दिवस हॉस्पिटल, नाकात नळ्या! "हिनंच आणला ताप घरात!" आजी म्हणाली. "मला साधी शिंकसुद्धा आली नव्हती!" आत्या म्हणाली. तेव्हापासून मायलेकींचा अबोला. तशा दोघी रोज फोनवर असायच्या, पण मधे भिंगरी. स्पीकर लावून, फोन हातात धरून.

"तिला सांग, गुडघ्याला तेल लाव म्हणावं," तिकडून आत्या.

"तिला सांग, लावलं," इकडून आजी.

दोघींना दोघींचं सगळं ऐकू जायचं. तरी भिंगरीनं मधे खांबासारखं उभं राहायचंच!

आता येत्या रविवारी आजोबांना पंचाहत्तर पूर्ण होणार. आत्या यायला तयार नव्हती. "पुन्हा कोणी नुसतं खोकलं तरी माझंच नाव!" आजोबा भांडणात पडत नसत. रोज एवढंच विचारत, "केक केवढा सांगायचा? आत्या धरून की सोडून?" म्हणून भिंगरीनं ठरवलं, आत्याला निर्दोष सोडवायचंच. आणि भिंगरीनं एकदा म्हटलं की म्हटलं! दोन वर्षांपूर्वीच्या त्या वाढदिवसाच्या आदल्याच दिवशी तिनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं. सगळे थू थू करत बेसिनकडे धावले, पण ही "उगाच नाटकं करू नका, मस्त झालाय!" म्हणत आपला कप संपवून आजोबांचाही प्यायली होती. चहा उत्तम होता, हा दावा तिनं आजतागायत सोडलेला नाही.

शनिवारी भिंगरीच्या हट्टापायी आत्या आली, पण दारातच थांबली.

"निकाल लागेपर्यंत मी आत येणार नाही. बोट तेवढं देते."

खिडकीच्या गजांतून एक बोट आत आलं. भिंगरीनं सुई टोचली, थेंब कार्डावर सोडला, औषधाचे दोन थेंब टाकले. पंधरा मिनिटं घरात कोणी पापणी लववली नाही. ताप होऊन गेला असेल तर दोन रेघा, नसेल तर एक.

एकच!

"निर्दोष!" भिंगरी खुर्चीवर चढली.

"कार्डच खोटं असेल," आजी म्हणाली.

"खोटं कसं? थांब, आजोबांवर तपासू. त्यांना तर झालाच होता ना!"

आजोबांनी पदक घ्यायला जावं तशा थाटात बोट पुढे केलं. पुन्हा पंधरा मिनिटं. पुन्हा एकच रेघ.

आजोबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "म्हणजे मी अठरा दिवस तिथं काय ऊन खात पडलो होतो?"

"मग मी महिनाभर पाय कोणाचे चेपले?" आजी उसळली. "धडधाकट माणसाचे?"

तेवढ्यात शेजारचे इंजिनीअर डोकावले. हॉस्पिटलची हकीकत आजोबांनी त्यांना निदान चाळीस वेळा ऐकवली होती. "म्हणजे ताप आलाच नव्हता?" त्यांनी विचारलं आणि आजोबा हॉस्पिटलची फाइल शोधायला कपाटात कमरेपर्यंत घुसले!

संध्याकाळी आई आली. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दोन्ही कार्डं बघून तिनं कपाळावर हात मारला.

"अगं, चोर येऊन गेल्यावर दोन वर्षं कोणी सगळे पहारेकरी ठेवतं का? अँटीबॉडी हळूहळू कमी होतात. हे कार्ड अधू डोळ्यांचं, गर्दी असली तरच त्याला दिसते. एक रेघ म्हणजे ताप आलाच नव्हता असं नाही. मला आता काही सापडत नाही, एवढंच ते सांगतंय."

"मग नीट डोळ्यांची तपासणी नसते?" भिंगरीचे डोळे चमकले. "आणि आपण सगळ्यांनी लस घेतलीय, तिच्यामुळे गोंधळ नाही होणार?"

"लॅबमधल्या मशीनला थोड्याशा अँटीबॉडीही दिसतात. आणि ते ज्या अँटीबॉडी शोधतं, त्या आपण घेतलेल्या लशीमुळे तयार होत नाहीत."

"मग सगळ्यांचंच घे! माझंसुद्धा! मला काही झालं नव्हतं, तुलना करायला बरं!"

रविवारी दुपारी आई कागद घेऊन आली. आत्या आजही दारातच.

"बाबा, होऊन गेलेला आहे."

"ऐकलंत का, इंजिनीअर!" आजोबा भिंतीकडे तोंड करून ओरडले.

"आई, तुम्हाला नाही. वन्सं, तुम्हाला होऊन गेलाय."

"बघा!" आजी म्हणाली. आत्याचा चेहरा पडला. ती चपला शोधू लागली.

"थांबा, भिंगरीलाही होऊन गेलाय."

"मला? मला कधी झाला?"

"ते मशीन सांगत नाही. होऊन गेला एवढंच कळतं, तारीख नाही."

आजी भिंगरीकडे बघत राहिली. मग दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं थेट दाराकडे तोंड वळवलं.

"काय गं, त्या तापात तोंडाची चव जायची ना?"

"हो, आई."

"तू यायच्या आदल्या दिवशी हिनं दोन कप मिठाचा चहा ढोसला. आणि म्हणे, मस्त झालाय!"

आत्या उंबरा ओलांडून आत आली. आजोबांनी केकवाल्याला फोन लावला, "मोठाच पाठव!" मायलेकी सोफ्यावर एकमेकींना चिकटून बसल्या आणि दोघींनी मिळून भिंगरीकडे पाठ फिरवली.

"तिला सांग, चहा टाक म्हणावं," आजी आत्याला म्हणाली.

"आणि तिला सांग," आत्या आजीला म्हणाली, "आधी डब्यातलं चाखून बघ म्हणावं!"