वाढदिवसांची आगाऊ नोंदणी

धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना उजव्या हाताला 'निर्मळछाया' हे बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचे निवासी केंद्र लागते. तेथे बावीस निवासी राहतात आणि वर्षाला तीनशे अकरा वाढदिवस साजरे होतात. या दोन आकड्यांत ज्यांना विसंगती दिसेल, त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की वाढदिवस निवाशांचे नसतात. ते दात्यांचे, दात्यांच्या नातवंडांचे, क्वचित दात्यांच्या दुकानांचे असतात. दाता येतो, निवाशांना रांगेत बसवून जिलेबी वाढतो, एकाच्या तोंडाशी घास नेऊन थांबतो, छायाचित्र निघाल्यावर तो घास पुढे सरकवतो आणि डोळे पुसत स्वतः हॉटेलात जेवायला जातो.

अभिमन हा तेथील चव्वेचाळीस वर्षांचा निवासी. परक्यांच्या वाढदिवसांची जिलेबी त्याने अकरा वर्षे निमूटपणे खाल्ली. गेल्या डिसेंबरात मात्र तो अधीक्षक योगेंद्र यांच्या टेबलासमोर उभा राहिला.

"नऊ जानेवारीले मना वाढदिवस शे. मी भरीत करसू. बठ्ठासले मीच वाढसू."

सर्वांना स्वतः वाढण्याची ही इच्छा ऐकून योगेंद्रांनी सहानुभूतीने नोंदवही उघडली आणि त्याच सहानुभूतीने मिटली. "अभिमनभाऊ, नऊ तारीख गेली. मगनशेठच्या ब्रूनोने घेतली."

"ब्रूनो कोन?"

"त्यांचा कुत्रा. तिसरा वाढदिवस आहे."

"त्याना दहाले करा ना भाऊ. त्याले तारीख समजस का?"

"समजत नाही. पण त्याचा अर्ज सप्टेंबरातच आलेला आहे."

प्रकरण येथेच संपले असते. परंतु त्याच नऊ तारखेला केंद्राच्या गुणवत्तेची तपासणी व्हायची होती, आणि तपासणीच्या नमुन्यात 'निवाशांच्या इच्छेची दखल घेतली जाते काय?' या प्रश्नाला दहा गुण होते. इच्छा नाकारता येत नव्हती आणि पुरवताही येत नव्हती. अशा वेळी समिती नेमतात. तीही नेमली गेली. तिच्या बैठकीस अभिमनला बोलावले नाही, कारण स्वतःच्या इच्छेविषयी त्याचे मत पूर्वग्रहदूषित असण्याचा संभव होता.

समितीने ठरवले की भरीत म्हणजे विस्तव, विस्तव म्हणजे जोखीम, सबब अभिमनने आधी प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे. लहानपणापासून तो बापाच्या शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत आला होता. पण तो अनुभव होता, प्रशिक्षण नव्हते. दोन्हींत फरक आहे, आणि तो नसता तर प्रशिक्षकांचे काय झाले असते याचा विचार टीकाकार करीत नाहीत.

जळगावहून दिपमाला मॅडम आल्या. सुरक्षेच्या कारणास्तव विस्तव नव्हता आणि वांग्याची तरतूद नसल्याने त्याच्या जागी जांभळा फुगा होता. शेवटी तोंडी परीक्षा झाली.

"वांगे भाजून झाले, हे केव्हा समजावे?"

"ते सांगस."

"कोण?"

"वांगं. पहिले शिट्टी मारस. मंग पानी सोडस. मंग गप बसस."

अधिकृत उत्तर 'बारा मिनिटांनी' असे होते. अभिमन नापास झाला. शेरा पडला : 'निवाशास भाजीपाल्याचे आवाज ऐकू येतात. मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.'

हे ऐकून स्वयंपाकीण भिकुबाई कमरेला पदर खोचून कार्यालयात आल्या. "भाऊ, वांगानी शिट्टी मालेबी ऐकू येस. मनं नावबी लिखी ल्या."

योगेंद्रांनी तेही लिहून घेतले.

नऊ जानेवारी उजाडली. मांडव सजला. तोताराम यांच्या नेतृत्वाखाली तिघे तपासनीस आले. जरीची टोपी घातलेला ब्रूनो आला. निवाशांना रांगेत बसवून त्यांना टाळ्यांचा सराव देण्यात आला. मगनशेठनी एका निवाशाच्या तोंडाशी जिलेबी नेली आणि छायाचित्रासाठी ते नेहमीप्रमाणे थांबले. हे थांबणे कशासाठी असते, हे ब्रूनोला कोणी शिकवले नव्हते. त्याने ती जिलेबी खाल्ली, मग टेबलावर झेप घेऊन परात उलथवली आणि उरलेली जमिनीवरून खाल्ली. मगनशेठ त्याला गाडीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे धावले.

दुपारचा एक वाजला आणि दात्याकडून आलेले त्या दिवसाचे जेवण ब्रूनोच्या पोटात गेले होते. 'भोजन वेळेवर दिले जाते काय?' या प्रश्नाला पंधरा गुण होते. तोतारामांनी घड्याळाकडे पाहिले, योगेंद्रांनी आकाशाकडे.

"मांगे चला," भिकुबाई म्हणाल्या.

मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांचा निखारा पडला होता. बाजारातून भिकुबाईंनी स्वतः आणलेली हिरवी वांगी त्यावर काळी पडत होती. गोंधळात तेथे आलेले एकवीस निवासी पंगत धरून बसले होते. अभिमन निखाऱ्याकडे कान लावून होता. पाहुण्यांची चाहूल लागताच त्याने हात वर केला.

"गप! बोली ऱ्हायनं."

अधीक्षक आणि तिघे तपासनीस ओणवे झाले. शिट्टी स्पष्ट ऐकू आली. चौघांनी एकमेकांकडे पाहिले. परंतु मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेण्याचा शेरा फाईलमध्ये होता, म्हणून कोणीही कबूल केले नाही.

अभिमनने वांगी सोलली, मिरची-लसणासह लाकडी मुसळीने ठेचली, आणि पंगतीत फिरून प्रत्येकाच्या ताटात स्वतःच्या हाताने भरीत वाढले. तोतारामांपुढे तो म्हणाला, "आबा, लाजू नका. आज मना वाढदिवस शे."

आबा तीनदा लाजले नाहीत.

केंद्राला 'अ' श्रेणी मिळाली. 'संस्थेने निवाशांसाठी पारंपरिक भोजनाची उत्तम व्यवस्था केली आहे,' असे अहवालात म्हटले आहे. अभिमनचे नाव त्यात नाही. अहवालात व्यक्तींची नावे घालू नयेत, असा गोपनीयतेचा नियम आहे.

भरिताची कीर्ती भुसावळपर्यंत गेली. पुढील नऊ जानेवारीसाठी केंद्राकडे आजवर अठरा अर्ज आले आहेत. पहिल्या सतरा अर्जांत वाढदिवस निरनिराळ्यांचे आहेत, अट मात्र एकच : भरीत अभिमननेच करावे. अठरावा अर्ज अभिमनचा होता. 'दात्याचे नाव' हा रकाना रिकामा असल्याने तो परत केला आहे.

त्यामुळे अर्जांच्या यादीतील अठरावी जागा मोकळी झाली आहे. निखाऱ्याचा उल्लेख वाचताच ज्या वाचकांच्या तोंडाला पाणी सुटले आणि घरची किती माणसे गाडीत मावतील याचा हिशेब ज्यांनी मनातल्या मनात केला, त्यांनी विनासंकोच अर्ज करावा. अभिमनला विचारण्याची आवश्यकता नाही. आपणही ते विचारणार नव्हताच.