ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो

"काका, सलाम. अन्सार बोलतोय, बिडकीनहून. तुमचा ट्रॅक्टर चालूच व्हईना हो!"

फकिरा आप्पांनी हातातला चहा गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. ट्रॅक्टर विकून आठवडासुद्धा झाला नव्हता.

"काय होतंय?"

"सेल्फ मारला की नुसतं कटकट करतंय. लाईट लावली तर मिणमिण. अन् काका, हसू नका, पण ब्रेक दाबला की हॉर्न वाजतोय."

आप्पांना हसू कुठून येणार! त्यांना रोग तिथल्या तिथं कळला होता. जुना ट्रॅक्टर विकायचा म्हणजे आधी रंग मारायचा, हा सगळ्यांचाच शिरस्ता. गिऱ्हाईक इंजिन मागून बघतं, रंग आधी. पण आप्पांनी पेंटरला हात लावू दिला नाही. स्वतः ब्रश घेऊन बसले आणि कुठला म्हणजे कुठला कोपरा सोडला नाही. बॅटरीची अर्थिंगची वायर चेसिसला जिथं कसतात, तो बोल्टसुद्धा काढून खालची जागा लालभडक केली आणि मग रंगावरच वायर आवळली. रंगातून करंट जातो होय? बायको, चतुराबाई, असत्या तर म्हणाल्या असत्या, "विकायचाय ना? मग एवढा कशाला नटवताय?" पण चतुराबाई गेल्या थंडीतच गेल्या होत्या.

'पॉलिश पेपर घे अन् बोल्टाखालचा रंग खरवड', एवढंच सांगायचं होतं. आप्पांच्या अगदी ओठावर आलं होतं.

पण त्यांच्या घरचं ऐका. बायको गेली, जमीन बटईनं दिली, ट्रॅक्टर विकला आणि मुलानं, गोकुळनं, त्यांना बजाजनगरला फ्लॅटवर आणलं. गोकुळला कंपनीत रात्रपाळी. तो दिवसभर झोपायचा, म्हणून घरात सगळं दबक्या आवाजात. सून स्वभावानं गरीब, पण सारखी ओठांवर बोट ठेवायची. "आप्पा, हळू." जन्मभर इंजिनाच्या वर आवाज काढून बोललेला माणूस! टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघायचा. दिवसभरात त्यांच्याशी कोणी बोललंच तर "जेवून घ्या" एवढंच. आणि इथं एक जवान माणूस काकुळतीला येऊन विचारत होता, "काका, आता काय करू?"

"बॅटरी बघ आधी," आप्पा म्हणाले. "टर्मिनलवर पांढरं साचलं असंल. गरम पाणी टाक. अन् उद्या सांग मला."

झालं. पाप घडलं.

दुसऱ्या दिवशी अन्सारचा फोन आला. बॅटरी धुतली, फरक नाही. आप्पांनी त्याला फ्यूज बघायला लावले. तिसऱ्या दिवशी चावीचा स्विच. मग बिघाड असे काही वाढत गेले की विचारू नका. डावा इंडिकेटर दिला की उजवा लागायचा. हॉर्न दाबला की मागची लाईट जायची. आप्पा चक्रावले. अर्थिंग गेलं की असले चाळे होतात हे त्यांना ठाऊक होतं, पण इतके? तरी ते हुशारीनं सल्ला द्यायचे. फोन घेऊन खाली पार्किंगमध्ये जायचे आणि मोठमोठ्यानं बोलायचे.

"फोन सेल्फजवळ धर! आवाज ऐकव मला!"

फोनातून टण टण टण असा आवाज यायचा. आप्पा डोळे मिटून ऐकायचे.

"सेल्फचं बुश गेलंय. शंभर टक्के."

"व्हय काका. तुमी म्हंता तसंच असंल."

ते त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचे. सुनेलाही नवल वाटायचं.

पण तीनेक आठवड्यांनी एका सकाळी अन्सारचा आवाज पडलेला होता. "काका, शेजाऱ्यापाजाऱ्यांची पेरणी उरकली. वापसा चाललाय निघून, जमीन वाळायला लागली. आमचंच रान तेवढं पडलंय."

आप्पांनी फोन ठेवला. आपल्या दोन शब्दांच्या हौसेपायी लेकरांच्या तोंडचा घास जातोय! सारी रात्र ते कूस बदलत राहिले. सकाळी खिशात पॉलिश पेपर घातला, सुनेला "देवळात जाऊन येतो" म्हणाले आणि वाहनं बदलत बदलत बिडकीन गाठलं. कबूल करायचं, पाय धरायची वेळ आली तर पाय धरायचे, असं ठरवूनच ते अन्सारच्या दारात उभे राहिले.

दारात एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. अन्सारची आई, नजमुन्निसा. व्यवहार आप्पांच्या गावी झाला होता, त्यामुळं तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"अन्सार हाय का? ट्रॅक्टरचं काम व्हतं."

"ट्रॅक्टर तो सुबेच गया खेत में. रोज जाता. बैठो ना भाऊ, चाय लेव."

आप्पा बसले. "पन तो तर बंद पडलाय म्हनं?"

म्हातारी खुदकन हसली. "बंद पडला व्हता, पैले दोन दिवस. मिस्त्रीनं बोल्टाखालचा रंग खरवडला, झाला चालू. पर अन्सार जिनके पास से लाया ना, वो बुढ्ढे की औरत मर गई. ट्रॅक्टर देतानी रडला म्हनं बिचारा, मुंडी फिरवून. लेकाच्या घरी एकटाच बसतो. म्हणून अन्सार रोज फोन करतो, ये बिगड्या, वो बिगड्या."

आप्पांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"रात को जेवताना हम सब सोचते, कल क्या बिगाडना," म्हातारी रंगात आली. "इंडिकेटर का मैंने बोली थी. अन् त्याला आवाज ऐकायचा असतो! मग मी तव्यावर उलथनं मारते. बुढ्ढा म्हंतो, बुश गेलं!" ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पेरणी रखडली असं मीच बोलायला लावली. नाय तर त्याला शक येईल ना. कितने दिन नुस्ते दिवे बिगाडना? तुमी कोन, भाऊ?"

"मी... बियाण्याचं विचारायला आल्तो," आप्पा म्हणाले.

"बियाणं तर कवाच पेरलं! वो देखो ना."

घरामागं मका टीचभर वर आला होता. ओळी सुतात, कुठं खाडा नाही. पलीकडच्या रानात लाल ट्रॅक्टर एका दमात वळण घेत होता. आप्पा बघत राहिले. त्यांना लाज वाटली, रागही आला. आपण जगाला फसवतोय असं समजत होतो आणि एक अख्खं घर रोज जेवायला बसून आपली कीव करत होतं. ट्रॅक्टर बांधाकडं यायला लागला तसे ते घाईघाईनं उठले आणि मागं न बघता स्टँडवर आले. बसमध्ये खिडकीकडं तोंड करून ते रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. आप्पा नुसते बघत बसले. आतून सून कुजबुजली, "आप्पा, घ्या ना, हे उठतील." मग त्यांनी उचलला.

"काका, सलाम! आज तर हद्दच झाली. लाईट लावली की इंजिनच बंद पडतंय."

आप्पांनी गॅलरीचं दार ओढून घेतलं.

"काका? ऐकताय ना?"

"ऐकतोय." त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं. "पेरणीचं काय?"

"कुठली पेरणी, काका! रान तसंच पडलंय."

"पडू दे," आप्पा म्हणाले. "घाई करू नको. आधी डायनामोचा पट्टा बघ. न्हाय जमलं तर उद्या सांग. असले बिघाड एका दिवसात निघत नसत्यात, बाबा."