माय पास झाली

सव्वीस वर्षं मी कॉलेजात परीक्षा घेतोय. बाहीतली चिठ्ठी मला वर्गाच्या दारातूनच दिसते. त्यामुळे मायची तपासणी मोबाइलवरून होणार म्हटल्यावर मी घरात जाहीर केलं, की पुण्याची खेप नाही, रांग नाही, छावणी भागातल्या आपल्याच घरात अर्ध्या तासात काम फत्ते!

माय म्हणजे सारजाबाई, वय ऐंशी. दिवाळीत देवगाव रंगारीहून आमच्याकडे आली, तेव्हापासून चहात दोनदा साखर पडायला लागली. गेल्या महिन्यात ती देवळातून घरी यायला निघाली आणि बसस्टँडवर सापडली. औषध लवकर सुरू झालं तर फरक पडेल, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून पुण्याच्या, खास म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टरीणबाई.

मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवला. बाई म्हणाल्या, नातेवाइकांनी बोलायचं नाही. मी बोललो नाही. नियम तेवढाच होता.

पहिलाच प्रश्न, आज कोणता वार? मायनं छताकडं पाहिलं. परीक्षा सुरू आणि माझ्या मायचा पेपर कोरा! मला बघवेना. मोबाइलच्या मागं उभं राहून मी सोमवारपासून मोजत चार बोटं वर केली.

"गुरुवार," माय म्हणाली.

मग बाईंनी बैल, खुर्ची, आंबा असे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि पाच मिनिटांनी परत विचारले. बैलासाठी मी कपाळाला शिंगं लावली. खुर्ची उचलून डोक्यावर धरली. आंब्याला काही सुचेना, म्हणून लोणच्याची बरणीच उचलली. मोबाइल उताणा पडला. पुण्याला आमचा पंखा दिसू लागला.

"आजी, उठून गेलात का?"

"नाय. आंबा."

दारात उभी असलेली माझी बायको आशा हळूच म्हणाली, "वर्गात असतं तर तुम्ही स्वतःलाच उठवलं असतं."

मी मोबाइल पुन्हा बरणीला टेकवला. शेवटी बाईंनी विचारलं, "आजी, तुम्हाला स्वतःला काही त्रास वाटतो का?"

माय पुढं सरकली. पदर सारखा केला. आणि मी, एव्हाना सवयच लागलेली, जोरजोरात नकारार्थी मान हलवली. तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं.

"नाय बाई. समदं बरं हाय."

फोन बंद झाल्यावर म्हणाली, "बापू, मला तिला सांगायचं व्हतं रं. देवळाभाईर आले अन् आपलं घरच आठवंना. लई भ्याले."

संध्याकाळी अहवाल आला. तीसपैकी अठ्ठावीस. स्मरणशक्ती उत्तम, औषधाची गरज नाही.

"कुणाची?" आशानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या दवाखान्यात फोन करून सगळं कबूल केलं. पलीकडची मुलगी म्हणाली, आईचे गुण कमी करून मागणारे तुम्ही पहिलेच. पुन्हा तपासणी होईल, पण आधी कमी गुणवाल्यांचा नंबर. तारीख मिळाली तीन महिन्यांनंतरची.

तोवर माय रोज विचारते, "बापू, त्या बाईला सांगितलं ना, मला आठवत नाय म्हून?"

"सांगितलं, माय."

तिला हायसं वाटतं. माझ्या पाठीवरून हात फिरवते. अर्ध्या तासानं पुन्हा तेच विचारते.

मी एकदाही अडखळत नाही. उत्तर आता पाठ झालंय.