आगाशे सरांचं अंडं

आगाशे सरांना “कसे आहात?” असं विचारायची सोय नाही.

“डावा गुडघा सुजलाय. सकाळपासून दोन चहा झाले. पेपर आलेला नाही,” ते सांगतात. “कसा आहे, हा निष्कर्ष झाला. तो तुम्ही काढा, वहिनी.”

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत सर आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतात. दिल्लीच्याच एका शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, पुढच्याच वर्षी काकू गेल्या. तेव्हापासून दर रविवारी दहा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये ते मुलांचा वर्ग घेतात, अगदी फुकट. माझी सातवीतली सई त्यातलीच.

वर्गाचा नियम एकच. दिसलं तेवढंच वहीत लिहायचं, माहीत असलेलं नाही. एकदा सईनं लिहिलं, ‘बर्फाचं पाणी झालं, हा भौतिक बदल आहे.’ सरांनी अर्धं वाक्य खोडलं.

“भौतिक बदल तुला दिसला? तुला बर्फ दिसला, पाणी दिसलं. तेच पाणी फ्रीजरमध्ये ठेव. पुन्हा बर्फ झालेला बघ, मग तो शब्द वापर.”

सईनं ठेवलं, आणि दर पाच मिनिटांनी फ्रीजर उघडून बघितलं. बर्फ काही झाला नाही, माझी कुल्फी मात्र पातळ झाली. हल्ली तर ती जेवताना “पोळी करपलीय” असंही म्हणत नाही. “आई, काळे डाग. अकरा,” म्हणते. मी सरांच्या नावानं बोटं मोडते आणि दुसरी पोळी वाढते.

तर यंदाच्या नवरात्रातला रविवार. हॉलमधल्या पार्टिशनच्या पलीकडे माता की चौकीची, म्हणजे देवीपुढच्या भजनांची, तयारी चाललेली, अलीकडे सरांचा वर्ग. सरांनी लोखंडाचा कीस आणि पिवळं गंधक एकत्र केलं. चुंबक फिरवला, कीस टणाटण चिकटला. मग ते मिश्रण तापवलं. काळा खडा झाला, आणि चुंबक त्याला ओळख देईना.

“आता हे लोखंडही नाही, गंधकही नाही. पुरावा पाहिजे?” असं म्हणून सरांनी त्या खड्यावर व्हिनेगर ओतलं.

पुरावा पार्टिशन ओलांडून थेट देवीच्या चौकीपर्यंत पोचला. सातही मुलांनी नाकं धरून वहीत लिहिलं, ‘कुजक्या अंड्यासारखा वास आला.’ पलीकडे मात्र कोणी ‘सारखा’वर थांबलं नाही. नवरात्रात! हॉलमध्ये! अंडं!

संध्याकाळी कमिटी बसली. सोसायटीचे सेक्रेटरी भाटियाजी माणूस भला. त्यांनी सरांना बाजूला घेतलं. मी शेजारीच उभी होते.

“देखिए सर, अंडा था तो गलती हो गई. माफी माँग लीजिए, बात खत्म. पर केमिकल-वेमिकल था तो बच्चों की सेफ्टी का मामला है. क्लास बंद करनी पड़ेगी.”

मला हसूच आलं. सरांनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. वाढदिवसाच्या केकचाही तुकडा ते चारदा चौकशी केल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. शिवाय खोटं? हा माणूस ‘मजेत आहे’ एवढंसुद्धा खोटं बोलत नाही. म्हटलं, वर्ग गेला आज.

सर कमिटीसमोर गेले. मागच्या खुर्च्यांवर मुलं वह्या घेऊन साक्ष द्यायला सज्ज बसली होती. सरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि हात जोडले.

“उबला हुआ था. डिब्बे में लाया था. माफी चाहता हूँ.”

“चलो, हो जाता है,” कोणीतरी मोठ्या मनानं म्हणालं. “महाराष्ट्रियन लोग तो खा लेते हैं.”

सई ताडकन उठली होती. सरांनी तिला नुसती मान हलवून खाली बसवलं.

लिफ्टमध्ये आम्ही तिघंच होतो. “सर, तुम्ही?” मी जरा चिडूनच म्हणाले. “अहो, खरं सांगायचं होतं ना! मी बोलले असते कमिटीशी.”

सरांनी दोन्ही मजल्यांची बटणं दाबली.

“वहिनी, मुलगा दोन आठवड्यांनी एकदा फोन करतो, ‘बाबा’ म्हणतो. दूधवाला ‘अंकल’ म्हणतो. आठवड्यात मुलांकडून मला ‘सर’ म्हणून हाक येते ती फक्त रविवारी.”

आमचा मजला आला. ‘या ना जेवायला’ म्हणायचंसुद्धा मला सुचलं नाही, त्याची अजून लाज वाटते.

घरात शिरल्याशिरल्या सईनं विचारलं, “आई, सर खोटं का बोलले?” मी तिला हातपाय धुवायला पिटाळलं.

पुढच्या रविवारी वर्ग दहाचाच होता, पण मी तिला नऊलाच वर सरांच्या घरी पाठवलं. “दारातूनच ‘सर’ म्हणून हाक मार,” म्हटलं.