सात नंबरचं मॉड्यूल

हेमलताताईंच्या वधू-वर सूचक मंडळाचा कॉम्प्युटर एक स्थळ दाखवायला चहा निवेपर्यंत वेळ घेई. शाळेतून निवृत्त झाल्यावर ताईंनी पिरंगुटला हे मंडळ काढलं होतं. त्यांचा भाचा शैलेश हिंजवडीत डेटाबेसचं काम करायचा आणि नांद्यात भाड्याने राहायचा. २००६ सालच्या एका रविवारी ताईंनी त्याला श्रीखंड खायला बोलावलं आणि जेवणाआधी कॉम्प्युटरसमोर बसवलं.

आधीच्या प्रोग्रॅमरने डेटाबेसमध्ये पंचवीस छोटी मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे, साठवून ठेवली होती. नावं म्हणून नुसते आकडे.

"निम्म्यांचा काही उपयोग दिसत नाही, मावशी. अडगळ आहे."

"मग काढून टाक. माळा मीही आवरतेच की."

शैलेशने आधी सगळ्याची कॉपी काढून ठेवली, मग चौदा मॉड्यूल उडवली. स्क्रीनवर कुठेही चूक दिसली नाही. कॉम्प्युटर पळायला लागला, आणि शैलेशने श्रीखंड दोनदा मागून घेतलं.

'आपणांस अनुरूप स्थळ' अशी पत्रं प्रिंटर दर सोमवारी आपणहून छापायचा. एरवी वीसेक निघत. त्या सोमवारी तीनशे बारा निघाली. भाचा गुणाचा निघाला म्हणत ताईंनी ती शिपाई बहिरूकडून पोस्टात टाकली.

बुधवारी पहिला फोन आला. "ताई, आमच्या सुनेला स्थळ आलंय. पोरगा चांगला हाय, पन तिला सातवा म्हैना लागलाय."

दुसरा लगेच. "पत्र बायकोनं फोडलंय. मी शेतातनं बोलतुया. घरी कवा जाऊ तेवढं सांगा."

गुरुवारी शैलेश अर्धी रजा टाकून धावत आला. ज्यांचं लग्न झालं त्यांना यादीतून वगळायचं काम सात नंबरचं मॉड्यूल करत होतं. आणि एखादं मॉड्यूल सापडलं नाही तर गुपचूप पुढे जायचं, अशी सोय त्या जुन्या प्रोग्रॅमरने करून ठेवली होती.

"म्हणजे मी जमवलेली सगळी लग्नं तू मोडलीस?"

"मोडली नाहीत, मावशी. कॉम्प्युटर फक्त विसरला."

इतक्यात मुठ्याहून गौतमी आली. तीन वर्षांपूर्वी ताईंनीच तिचं लग्न नांद्याच्या जयसिंगशी लावून दिलं होतं. भाड्याच्या खोल्या बांधायला त्याने परसातले आंबे तिला न विचारता तोडायला घेतले, तेव्हापासून दोन महिने ती माहेरी होती. तिच्या पत्रात अनुरूप स्थळ म्हणून जयसिंगचंच नाव होतं.

"बघायचा कार्यक्रम कवा हाय?" तिने विचारलं.

"अगं, ती चूक झाली," ताई म्हणाल्या.

"असू द्या. मागल्या टायमाला मी खाली मान घालून बसलेले, कायबी इचारलं न्हाई. आता इचारायचंय."

तिचं बोलणं संपतंय तोच जयसिंग दारात उभा. हातात गौतमीचं नाव असलेलं पत्र, अंगात इस्त्रीचा शर्ट. ताई पोहे भिजवायला आत गेल्या.

"शिक्षण?" पोह्यांच्या बश्या आल्यावर गौतमीने सुरुवात केली.

"बारावी. तुला म्हाईत हाय की."

"मी स्थळाला इचारतीय. भांडान झाल्यावर किती दिस बोलत न्हाई?"

"दोन म्हैने."

"लई झालं."

"व्हय."

"झाडं तोडताना घरात कुनाला इचारायची पद्धत हाय का?"

जयसिंगने पोह्यांची बशी खाली ठेवली. "दोन तोडली. तीन हायेत अजून. तू न्हाई म्हनलीस तर ऱ्हातील."

गौतमीने एक घास खाल्ला. "स्थळ बरं हाय," ती ताईंना म्हणाली. "पोह्यात मीठ कमी हाय."

दोघं एकाच मोटारसायकलवर नांद्याला गेली. शैलेशने कपाळाचा घाम पुसला आणि कॉपी उघडली.

"सात नंबर परत बसवतो, मावशी."

ताई चष्मा लावून तीनशे बारा नावांवरून बोट फिरवत होत्या.

"बसव, पण सोमवारनंतर. भुकूमचा वाल्मीक बायकोशी धड बोलत नाही म्हणे, आणि त्यांनाही एकमेकांचंच स्थळ निघालंय. त्या दोघांना तेवढं अजून एकेक पत्र जाऊ दे."