बोडीशिवाय बॉडी नाई

आमच्या सावली गावात पहाटे सायकलची घंटी वाजली तर दूधवाला आला असं समजू नका. ते आमचे शेजारी शंकरभाऊ असतात, कुत्र्याला व्यायामाला नेणारे. दोन घंट्या म्हणजे चल, एक घंटी म्हणजे थांब. भाऊंनी सारा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केली. वहिनी गेल्यापासून घरात दोघंच, भाऊ आणि कुत्रा. कुत्र्याचं नाव जलद. एका घंटीला तो असा बसायचा की दोन घंट्यांनी काही उठायचा नाही.

कुत्र्याची तब्येत कमावणं हे भाऊंचं वेड. जलदच्या छातीला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीला सायकलचा जुना टायर. तो ओढत धानाच्या बांधाबांधानं जायचं. मग बोडीत पोहायचं. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. काठावरून भाऊ ओरडतात, "पाय मार, पाय! बोडीशिवाय बॉडी नाई!" पोहतो जलद, धाप लागते भाऊंना. घरी आल्यावर उकडलेली अंडी आणि शिंप्याच्या टेपनं मोजमाप.

"पाहा मास्तर, मांडी भरून राह्यली!"

मला मांडी होती तेवढीच दिसायची. तरी मी हो म्हणायचो, नाहीतर भाऊ माझ्याच मांडीला टेप लावायचे.

ही तयारी बिबट्यासाठी, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. भाऊंचा आधीचा कुत्रा बिबट्यानंच अंगणातून उचलला होता. त्यामुळे परवा बोडीच्या काठावर बिबट्या दिसला तेव्हा सगळ्यांना जलद आठवला. पण भाऊंनी दिवस मावळायच्या आत त्याला घरात घेतलं, बाहेरून कडी लावली आणि स्वतः काठी घेऊन दारात बसले.

"काऊन भाऊ, पैलवान आत अन् तुमी बाहेर?" मी चिडवलं.

भाऊ हसले नाहीत.

"बिबट्याशी लढासाठी कोण बनवून राह्यलं त्याले? मास्तर, कंडक्टर सगळ्याइच्या शेवटी उतरते. तुमची वहिनी उतरली, पहिला कुत्रा उतरला, मी पाह्यतच राह्यलो. या टायमाले मले अगोदर उतराचं हाय. म्हणून हा मजबूत पाहिजे."

चिडवायला गेलेलो मी, माझाच चेहरा उतरला. तसाच घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बायकोनं चार अंडी उकडून दिली. दोन जलदची, दोन तुमची, असं मी भाऊंना बजावलं. त्यांनी एकेक सोलून चारही जलदला घातली.

"अन् तुमी?"

"मले कायले? मले कुठी बॉडी बनवाची हाय!"

असं म्हणून त्यांनी दोन घंट्या मारल्या. जलद काही उठला नाही. भाऊंच्या पायाला टेकून तसाच बसून राहिला.